झेडच्या पुढे काय?



९९ च्या पुढची संख्या कोणती, असे विचारले तर तुम्ही हसाल. पहिली-दुसरीतला मुलगाही १०० हे उत्तर चटकन देईल. आता दुसरा प्रश्न पाहा. एका ग्रंथालयात पुस्तकांना ए-१, ए-२, ए-३ असे क्रमांक दिले आहेत. ए-९ च्या पुढचा क्रमांक कोणता? तुमच्यापैकी काही जण बी-० म्हणतील, काही जण बी-१ म्हणतील, आणि एखादा ए-१० असेही म्हणेल. तिसरा प्रश्न आणखी अवघड आहे. झेड-९ च्या पुढे काय?

पहिल्या प्रश्नाला उत्तर एकच आहे, कारण तो गणिताचा प्रश्न आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला अनेक उत्तरे संभवतात. तेथे गणिताबरोबर कोणीतरी ठरवलेला नियमही लागतो. माणसे असा नियम न सांगता समजून घेतात. संगणकाला मात्र तो शब्दशः सांगावा लागतो. संगणकाच्या काही भाषांत हा नियम आधीच घालून ठेवलेला आहे. तो कसा आहे, तसाच का आहे आणि तो कोठे फसवतो, ते या लेखात पाहू.

एक सूचना प्रथमच देतो. या लेखात इंग्रजी अक्षरे उच्चाराप्रमाणे ए, बी, सी अशी लिहिली आहेत आणि ती सुटी वाचता यावीत म्हणून मध्ये आडवी रेघ दिली आहे. संगणकावर लिहिताना ही रेघ नसते. अक्षरे आणि अंक एकापुढे एक गुंफून जी ओळ तयार होते, तिला संगणकाच्या परिभाषेत 'स्ट्रिंग' म्हणतात. आपण तिला 'माळ' म्हणू.

हातचा आणि चक्रे

२९९ मध्ये १ मिळवताना आपण काय करतो? एककस्थानी ९ आहे. त्याच्या पुढे अंक नाही, म्हणून तेथे ० लिहून १ हातचा घेतो. दशकस्थानी पुन्हा ९ आहे, म्हणून पुन्हा ० लिहून १ हातचा. शतकस्थानी २ आहे. तो हातचा स्वीकारतो, ३ होतो आणि काम तेथेच थांबते. उत्तर ३००.

जुन्या मोटारींत किलोमीटर मोजण्याचे जे यंत्र असे, त्यात हेच काम दातेरी चक्रे करीत. प्रत्येक चक्रावर ० ते ९ अंक असत. उजवीकडच्या चक्राचा एक फेरा पुरा झाला की ते डावीकडच्या चक्राला एक घर पुढे ढकली. म्हणजे हातचा हा चक्राच्या पुऱ्या झालेल्या फेऱ्याचा निरोप असतो.

आता एक गंमत करू. एका चक्रावरचे दहा अंक पुसून तेथे ए ते झेड ही सव्वीस अक्षरे लिहू. यंत्राचे काही बिघडेल का? मुळीच नाही. शेजारच्या चक्रावर दहा खुणा आहेत की सव्वीस, याच्याशी या चक्राला कर्तव्य नाही. 'माझा फेरा पुरा झाला' एवढाच निरोप त्याला पुरतो.

ए-झेड-९ ही माळ घ्या. शेवटी ९ आहे. त्याचा ० झाला आणि हातचा निघाला. मधल्या झेडचा फेरा पुरा झाला, म्हणून तो पुन्हा ए झाला आणि हातचा पुढे गेला. पहिला ए हातचा घेऊन बी झाला आणि थांबला. उत्तर बी-ए-०. हाच तो नियम.

अक्षरांचे सांकेतिक क्रमांक

यात संगणकाला शिकवण्यासारखे काय आहे, असे तुम्हाला वाटेल. त्याचे असे आहे की, संगणक अक्षर ओळखत नाही. त्याच्याजवळ प्रत्येक अक्षरासाठी एक सांकेतिक क्रमांक असतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या 'आस्की' या संकेतात कॅपिटल ए चा क्रमांक ६५ व कॅपिटल झेडचा ९० आहे. स्मॉल ए चा ९७ आणि स्मॉल झेडचा १२२. शून्य हा अंक ४८ वर आणि नऊ हा ५७ वर आहे.

आता स्मॉल ए च्या क्रमांकात १ मिळवा. ९८ आले, म्हणजे बी. छान! पण स्मॉल झेडमध्ये १ मिळवला तर १२३ येतात, आणि १२३ क्रमांकावर अक्षर नसून महिरपी कंस आहे. कॅपिटल झेडच्या पुढे चौकोनी कंस, तर ९ या अंकाच्या पुढे विसर्गासारखी दोन टिंबे! १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडवलेल्या 'सी' नावाच्या भाषेत अक्षरात १ मिळवला की नेमके हेच घडते. ती भाषा क्रमांकाकडे पाहते, अक्षरांच्या चक्राकडे पाहत नाही.

लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये 'पर्ल' ही भाषा प्रसिद्ध केली. तिच्यात बेरजेची दोन चिन्हे लागोपाठ लिहिली की, त्या जागी असलेल्या संख्येत १ मिळवला जातो. वॉल यांनी या चिन्हांना चक्राचा नियम शिकवला. चिन्हांपुढे संख्येऐवजी माळ असेल, तर प्रत्येक अक्षराने आपापल्या चक्रात राहावे आणि हातचा डावीकडे द्यावा. कॅपिटल अक्षर कॅपिटलच राहते, स्मॉल अक्षर स्मॉलच राहते, अंक अंकच राहतो. मात्र पर्लची एक अट आहे. माळेत आधी अक्षरे आणि नंतर अंक, असाच क्रम हवा. १९९५ मध्ये लोकांपुढे आलेल्या 'पीएचपी' आणि 'रुबी' या दोन भाषांनीही ही रीत उचलली. रुबीमध्ये अंक-अक्षरे कशीही मिसळलेली चालतात, इतकेच नव्हे तर मधली टिंबेही ती ओलांडते. १.९.९ या माळेच्या पुढची माळ रुबी २.०.० अशी देते.

सर्वच भाषा असे करीत नाहीत. 'पायथन' या भाषेत माळेत १ मिळवा असे सांगितले, तर ती चूक दाखवून थांबते. माळ वेगळी आणि संख्या वेगळी, त्यांची बेरीज कशी करू, असा तिचा सवाल असतो. हेही एक उत्तरच आहे, आणि ते वाईट नाही.

शून्य नसलेली पद्धत

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. झेडच्या पुढे काय? पर्ल, पीएचपी व रुबी तिन्ही भाषांचे उत्तर एकच आहे. झेडच्या पुढे ए-ए, झेड-झेडच्या पुढे ए-ए-ए आणि झेड-९ च्या पुढे ए-ए-०.

हे वाचून पुढे जाऊ नका. येथे क्षणभर थांबा. ९९ च्या पुढे १०० येतात. फेरा पुरा झालेल्या दोन्ही जागी चक्रातली पहिली खूण, म्हणजे शून्य, आली. पण डावीकडे नव्याने आलेला अंक मात्र दुसरी खूण, म्हणजे १ आहे. तोच न्याय अक्षरांना लावला, तर ए हा शून्याच्या जागी आणि बी हा एकाच्या जागी. मग झेड-झेडच्या पुढे बी-ए-ए यायला हवे होते. मग ए-ए-ए का आले?

याचे उत्तर शून्याच्या स्वभावात आहे. संख्येच्या डावीकडे शून्य लिहिले, तर तिची किंमत बदलत नाही. ७, ०७ आणि ००७ या तिन्हींची किंमत सात. ए ला शून्य मानले, तर ए, ए-ए आणि ए-ए-ए हीसुद्धा एकाच संख्येची तीन रूपे ठरतील, आणि झेडनंतर एकदम बी-ए येईल. ए-ए पासून ए-झेडपर्यंतची सव्वीस नावे फुकट जातील. पण आपल्याला येथे किमती नको आहेत, नावे हवी आहेत. आणि नावे म्हणून ए आणि ए-ए निश्चितच वेगळी आहेत. म्हणून नियम करणाऱ्यांनी ए ला शून्य मानले नाही, एक मानले. बी म्हणजे दोन आणि झेड म्हणजे सव्वीस. या पद्धतीत शून्यच नाही!

पडताळून पाहू. ए-ए म्हणजे १ × २६ + १ = २७. झेड सव्विसावा, म्हणून ए-ए सत्ताविसावा हवाच. ए-झेड म्हणजे १ × २६ + २६ = ५२. त्याच्या पुढचा बी-ए म्हणजे २ × २६ + १ = ५३. झेड-झेड म्हणजे २६ × २६ + २६ = ७०२ आणि ए-ए-ए म्हणजे ६७६ + २६ + १ = ७०३. कोठेही खंड नाही, कोणतेही नाव दोनदा नाही. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये शून्यासह गणित करण्याचे नियम लिहिले, आणि शून्याशिवाय स्थानमूल्याची कल्पनाच करता येत नाही असे आपण समजतो. येथे मात्र शून्याशिवाय स्थानमूल्य व्यवस्थित चालते आहे.

हे तुम्ही पाहिलेलेही असेल. संगणकावर हिशेबाचे तक्ते करण्यासाठी 'एक्सेल' वापरतात. त्यातल्या उभ्या स्तंभांना ए ते झेड, मग ए-ए, ए-बी अशीच नावे असतात. २००७ च्या आवृत्तीपासून त्यातला शेवटचा स्तंभ एक्स-एफ-डी हा आहे. तो कितवा? एक्स चोविसावा, एफ सहावा, डी चौथा. २४ × ६७६ + ६ × २६ + ४ = १६,३८४. ही संख्या म्हणजे २ चा चौदावा घात. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत शेवटचा स्तंभ आय-व्ही होता, म्हणजे ९ × २६ + २२ = २५६, म्हणजे २ चा आठवा घात. संगणकाला प्रिय असलेले दोनाचे घात अक्षरांच्या नावाआड असे लपलेले असतात.

नियम बदलला की क्रम बदलतो. आपल्या रस्त्यावरच्या वाहनांचे क्रमांक पाहा. एम-एच १२ हे पुण्याचे चिन्ह, पुढे मालिकेची अक्षरे आणि मग चार अंक. ९९९९ झाले की पुढची मालिका ०००१ पासून सुरू होते, कारण ०००० हा क्रमांक कोणाला देत नाहीत. शिवाय आय आणि ओ ही अक्षरे १ आणि ० यांसारखी दिसतात, म्हणून मालिकेत ती गाळतात. म्हणजे या अक्षरचक्रावर चोवीसच खुणा आहेत. दोन अक्षरांच्या मालिका २४ × २४ = ५७६ आणि प्रत्येकीत ९,९९९ क्रमांक, म्हणून जास्तीत जास्त ५७,५९,४२४ वाहने. पर्लचा नियम जसाच्या तसा येथे लावला, तर क्रमांक चुकतील.

फसगतीच्या जागा

आता सावधगिरीच्या काही गोष्टी. पहिली अशी. पीएचपी भाषेत एखाद्याने संगणकाला सांगितले, 'ए पासून सुरुवात कर, प्रत्येक वेळी पुढचे अक्षर घे, आणि अक्षर झेडपेक्षा मोठे नाही तोपर्यंत छापत राहा.' किती नावे छापली जातील? सव्वीस असे तुम्ही म्हणाल. प्रत्यक्षात ६७६ छापली जातात! कारण झेडच्या पुढे ए-ए येते, आणि माळांची तुलना शब्दकोशातल्या क्रमाने होते. शब्दकोशात ए-ए हे झेडच्या कितीतरी आधी येते, म्हणून ते 'मोठे' नाही. छपाई चालूच राहते. वाय-झेडनंतर झेड-ए आले, की ते शब्दकोशात झेडच्या नंतर येते आणि काम थांबते. पहिली २६ आणि ए-ए ते वाय-झेड ही २५ × २६ = ६५०, मिळून ६७६. 'पुढचा' आणि 'मोठा' हे शब्द संख्यांच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतात, माळांच्या बाबतीत सांगत नाहीत, हे येथे नीट ध्यानात घ्या.

दुसरी फसगत शून्यांची. ००७ या माळेच्या पुढची माळ रुबी ००८ अशी देते. पीएचपी मात्र ००७ ही संख्या समजून ८ देते. परीक्षेच्या बैठक क्रमांकातली डावीकडची शून्ये अशीच नाहीशी होतात, आणि मग नोंद शोधूनही सापडत नाही.

तिसरी फसगत मला सर्वांत रंजक वाटते, कारण तिचा संबंध पदार्थविज्ञानाशी आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ × १०^८ मीटर, म्हणजे तीन गुणिले दहाचा आठवा घात, असे आपण लिहितो. संगणकावर हीच संख्या ३-ई-८ अशी लिहिण्याचा प्रघात आहे. येथे ई म्हणजे 'गुणिले दहाचा घात'. आता पीएचपीमध्ये ५-डी-९ ही माळ घ्या आणि १ ने पुढे न्या. ९ चा ० झाला, डी चा ई झाला, उत्तर ५-ई-०. अगदी बरोबर! आता आणखी एकदा पुढे न्या. ५-ई-१ यायला हवे. पण येते ६! कारण ५-ई-० ही आता पाच गुणिले दहाचा शून्यावा घात, म्हणजे ५ ही संख्या दिसू लागली, आणि ५ अधिक १ बरोबर ६. माळेची एका पावलात संख्या झाली, आणि संगणकाने चकार शब्द काढला नाही.

असे प्रत्यक्ष संशोधनातही घडले आहे. जपानच्या 'रिकेन' या संशोधन संस्थेने जनुकांच्या नमुन्यांना दिलेल्या ओळखक्रमांकांपैकी एक २३१०००९-ई-१३ असा होता. हिशेबाच्या तक्त्यात तो भरला, की तक्ता त्याला संख्या समजून २.३१ गुणिले दहाचा एकोणिसावा घात असे लिहून टाकी. मूळ क्रमांकातले शेवटचे अंक त्यामुळे नाहीसे होत. ही गोष्ट २००४ मध्ये एका शोधनिबंधातून पुढे आली. काही जनुकांची नावे तर सप्टेंबर, मार्च या महिन्यांच्या इंग्रजी नावांसारखी होती, आणि तक्ता त्यांची तारीख करून टाकी. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावेच बदलली. एका यंत्राच्या सवयीपायी विज्ञानाला आपली नावे बदलावी लागली!

आपली अक्षरे

एक प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. क च्या पुढे ख, ख च्या पुढे ग, असे संगणक करील का? पर्ल आणि पीएचपी यांचा नियम फक्त इंग्रजी अक्षरांपुरता आहे. जगातल्या सर्व लिप्यांसाठी केलेल्या 'युनिकोड' या संकेतात देवनागरी अक्षरांना क्रमांक आहेत. क चा २३२५ आणि ह चा २३६१. पण नुसता १ मिळवत गेलात, तर ल च्या पुढे व येत नाही, ळ येतो. मराठी वर्णमालेत तर आपण ळ हा ह च्या नंतर म्हणतो. संकेत सर्व देवनागरी भाषांसाठी मिळून केलेला असल्यामुळे त्यातला क्रम आपल्या पाठांतरातल्या क्रमाशी जुळत नाही. शिवाय का, कि, की या काना-मात्रा-वेलांट्यांचे काय? मराठी माळेत 'पुढचे' कोणते, हा नियम आधी आपल्याला ठरवावा लागेल. तुमच्यापैकी कोणीतरी तो ठरवून पाहावा.

थोडक्यात सांगायचे, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. संख्येचा पुढचा अंक गणित ठरवते, नावाचे पुढचे नाव नियम ठरवतो. नियम वापरण्यापूर्वी चक्रावर खुणा किती, सुरुवात कोठून आणि फेरा संपल्यावर काय, हे विचारा. नाव हे नाव म्हणूनच साठवा, त्याला संख्या होऊ देऊ नका. आणि कोठे थांबायचे ते 'मोठे' या शब्दाने न सांगता मोजून सांगा.

तुम्ही करून पाहा

१. चक्राच्या नियमाने ए-झेड-झेड-९ च्या पुढची माळ कोणती?

२. झेड-झेड-९-९ च्या पुढची माळ कोणती?

३. हिशेबाच्या तक्त्यात बी-सी हा स्तंभ कितवा? आणि शंभराव्या स्तंभाचे नाव काय?

४. ए-० ही माळ कोणत्या माळेच्या पुढे येते?

उत्तरे : १) बी-ए-ए-०. २) ए-ए-ए-०-०. ३) २ × २६ + ३ = ५५ वा; शंभरावा सी-व्ही, कारण ३ × २६ + २२ = १००. ४) कोणत्याही नाही. पुढे जाण्याचा नियम असला, म्हणजे मागे येण्याचा रस्ता असतोच असे नाही. पर्लमध्ये वजाबाकीच्या दोन चिन्हांना माळेचा नियम शिकवलेला नाही, तो का नसावा, हे आता तुम्हीच सांगू शकाल.